तीन तारापूर आणि एकच अर्ज

इंजिनिअरिंगला जायचं तर पूर्वी म्हणे प्रत्येक कॉलेजच्या दारात जाऊन वेगळा अर्ज भरावा लागायचा. विद्यार्थ्यांची फार दमछाक व्हायची. सरकारला त्यांची दया आली आणि ऐंशीच्या दशकात, माझी बारावी होईपर्यंत, सगळा कारभार एका ठिकाणी आणला गेला. एकच अर्ज, एकच केंद्र, एकच गुणवत्ता यादी. आता कुणाला कुठे हिंडायला नको, असं वर्तमानपत्रात छापून आलं. ते वर्तमानपत्र आमच्या गावात येत नसे, त्यामुळे हिंडायला नको ही बातमी वाचण्यासाठीसुद्धा मला बोईसरला जावं लागलं.

आमचं गाव तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. वडील बोटीवर जायचे, आई बोंबील सुकवायची आणि बोईसरच्या बाजारात बसून विकायची. दारात उभं राहिलं की एका अंगाला बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्या दिसायच्या आणि दुसऱ्या अंगाला, लांबवर, अणुवीज केंद्राची चिमणी. तिथे वीज तयार होते हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ती वीज आमच्याकडून नेमकी जेवायच्या वेळी का जाते, हे शिकवलं नव्हतं. ते शिकून यावं म्हणून मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर होणार, असं मी लोकांना सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. पालघरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तारा जोडून दिवा लावला, तेव्हा मला जे वाटलं होतं ते दुसऱ्या कशानं वाटत नव्हतं. पण नुसतं वाटणं हे आमच्याकडे कारण म्हणून चालत नसे.

त्याच कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या कॉलनीत राहायची. तिचे वडील अमरावतीकडचे, केंद्रात नियोजनाच्या कामावर होते. मी त्यांना काका म्हणायची. मैत्रिणीलाही इलेक्ट्रिकलच हवं होतं, आणि तेही मुंबईच्या सरकारी कॉलेजातच, म्हणजे शनिवारी घरी येता येईल. दोघींना एकाच कॉलेजात एकच शाखा मिळेल, हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं. सरकारनं एवढं सगळं एकत्र आणलंय म्हटल्यावर आम्हा दोघींना एकत्र ठेवण्याचं काम त्याला जड जाऊ नये, असा आमचा हिशेब.

काकांचा आवडता शब्द सिस्टिम. दूध वेळेवर आलं तर सिस्टिम आणि नाही आलं तर सिस्टिम नसल्याचा परिणाम. केंद्रित प्रवेशाची बातमी वाचून ते इतके खूश झाले की त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि कागदावर चौकोन काढून समजावलं. "हे पाय, पोरी," ते म्हणाले, "आधी वशिला चालायचा. कोणाचा मामा ओळखीचा, कोणाचा काका. आता कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटरले मामा नसते. तू अर्ज टाकायचा अन् घरी बसायचं. बाकी सगळं सिस्टिम करून राहिली."

मग मी घरी बसण्याच्या तयारीला लागले.

अर्जाबरोबर सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या होत्या. साक्षांकन राजपत्रित अधिकाऱ्याचंच हवं. म्हणजे मला जन्मापासून ओळखणारे शाळेचे हेडमास्तर चालणार नव्हते, पण मला कधीही न पाहिलेला अधिकारी चालणार होता. आमच्या भागात हाताशी असलेला राजपत्रित अधिकारी म्हणजे गुरांचा डॉक्टर. तो माणूस चांगला होता. एका म्हशीच्या पोटावर कान लावून बसला होता. म्हैस उरकून त्यानं हात धुतले आणि माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर पटापट शिक्के मारले. माझ्या सगळ्या कागदांवर 'पशुधन विकास अधिकारी' अशी मोहोर उमटली आणि मी खरी असल्याचं शासनाला मान्य झालं.

नंतर अधिवासाचा दाखला. मी महाराष्ट्रात राहते, हे सिद्ध करायला आई आणि मी पालघरच्या तहसील कचेरीत गेलो. कारकुनानं विचारलं, "वडील काय करतात?"

"मासेमारी," मी म्हणाले.

"कुठे?"

साहेब आपुलकीनं चौकशी करतायत असं आईला वाटलं. "कुटं म्हंजे? दर्यात," ती म्हणाली. "कंदी कंदी पार गुजरातपरयंत जातान."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "गुजरातमध्ये राहतात?"

"राहत नाय. बोट जाते."

"किती दिवस?"

"मासली मिलेल तवर."

"म्हणजे राज्याबाहेर वास्तव्य आहे."

समुद्रात कुणी वास्तव्य करत नाही, असं मी मध्ये पडून सांगितलं. त्यावर तो समुद्र कुठल्या तलाठ्याच्या हद्दीत येतो, असं त्यानं मला विचारलं. मग तलाठ्याचा दाखला आणा, सरपंचाचा आणा, शाळेचा आणा, रेशनकार्ड आणा, असं सुरू झालं. आम्ही पालघरला एवढ्या फेऱ्या मारल्या की तिथला चहावाला आईला सुक्या बोंबलाचा भाव विचारू लागला. आमचं घर त्या किनाऱ्यावर महाराष्ट्र राज्य जन्माला यायच्या आधीपासून होतं. खरं तर राज्यानंच आमच्या गावात राहत असल्याचा दाखला आमच्याकडून न्यायला हवा होता. हे मी बोलून दाखवलं नाही, कारण दाखला मला हवा होता.

मुख्य अर्ज मात्र अगदी आधुनिक होता. इंग्रजीत भरायचा, एका चौकटीत एक अक्षर, चौकटीबाहेर जायचं नाही, कारण तो कॉम्प्युटर वाचणार होता. त्यात कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमानं लिहायला सांगितल्या होत्या. मी मुंबईचं इलेक्ट्रिकल पहिलं लिहिलं. मग काकांच्या आग्रहानं सगळे रकाने भरले. शेवटी शेवटी तर एसटीच्या पाटीवरसुद्धा न वाचलेल्या गावांना मी पसंती दिली. हा पसंतीक्रम फक्त माहितीसाठी असून खरी निवड मुलाखतीच्या दिवशी समक्ष करायची आहे, ही सूचना अर्जाच्या मागच्या बाजूला तळाशी होती. ती आम्ही सगळं भरून झाल्यावर वाचली.

पत्त्यापाशी अडचण आली. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, घर, पाडा, गाव असं लिहीत गेले आणि तारापूर लिहिलं तिथे चौकटी संपल्या. तालुका नाही, जिल्हा नाही. "पिन कोड टाकला ना? मग झालं," काका म्हणाले. "पत्र पिन कोडावर चालते."

हे काकांचं ज्ञान अमरावतीकडचं होतं. आमच्याकडे तारापूर नावाची ठिकाणं तीन. एक खरं तारापूर, म्हणजे गाव, ज्याच्या नावावर बाकीच्यांनी आपली बारशी उरकून घेतली. दुसरं तारापूरची औद्योगिक वसाहत, जी बोईसरला आहे. तिसरं तारापूरचं अणुवीज केंद्र, ज्याची कॉलनी आणखी तिसरीकडे. परका माणूस तारापूरला निघाला की रिक्षावाले त्याला आधी विचारायचे, कुठलं. पत्राला असं कोण विचारणार.

अर्ज गेला. काही आठवड्यांनी गुणवत्ता यादी लागली. ती मुंबईतल्या प्रवेश केंद्राच्या फळ्यावर लागली होती, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला घरबसल्या पाहता येईल अशी सोय होती, फक्त घर त्या फळ्यासमोर हवं. काका रजा टाकून गेले आणि दोघींचे नंबर उतरवून घेऊन आले. माझा नंबर मैत्रिणीच्या थोडा आधीचा होता. "दोघी बी सुरक्षित," काका म्हणाले. "आता नंबरवारीनं मुलाखतीचं पत्र येईल. तेवढी वाट पाहायची."

मैत्रिणीला पत्र आलं. मला आलं नाही.

दोनेक दिवस थांबून आम्ही दोघी पत्राच्या शोधात निघालो. गावच्या पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "आलं होतं की. पण एवढं सरकारी पाकीट आपल्याकडे कुणाला येणार? कॉलनीतलं असेल म्हणून तिकडे पाठवलं." कॉलनीच्या पोस्टात सांगितलं, की या नावाचं क्वार्टर आमच्याकडे नाही, म्हणून औद्योगिक वसाहतीकडे पाठवलं. वसाहतीच्या पोस्टात कुणीतरी माझं आडनाव कंपनीचं नाव समजलं होतं आणि पत्र एका कारखान्याच्या गेटवर दिलं होतं. आम्ही गेटवर गेलो. वॉचमन खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "हाँ, आया था. हमारे यहाँ इस नाम की कोई लेडीज़ नहीं है. वापस कर दिया."

"किधर वापस किया?"

"तारापूर," तो म्हणाला.

माझं पत्र त्या दिवसांत माझ्यापेक्षा जास्त हिंडत होतं. एवढ्या ठिकाणी तर मी दाखल्यांसाठीही गेले नव्हते.

आम्ही दमून कॉलनीत परतलो. मैत्रिणीच्या आईनं आमच्यापुढे पोहे ठेवले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते जराही विचलित झाले नाहीत.

"पत्र येईल. तुझा नंबर आधीचा आहे. मागच्याले आलं म्हणजे पुढच्याले गेलंच आहे."

"मग मी तशीच जाऊ का, काका, हिच्याबरोबर?"

"पत्राशिवाय? आत घेणार नाहीत. पत्र आलं की जायचं."

"पण मुलाखत परवा आहे."

"मग परवापर्यंत येईल," काका म्हणाले, आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागले.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. वडील समुद्रात होते, त्यामुळे ठरवायचं ते तिनंच. ती दिवसभर वलांडीपाशी उभी राहून आलेली होती, हाताला मीठ होतं. तिनं हात धुता धुता विचारलं, "नंबर लागलाय ना तुजा?"

"लागलाय."

"मंग पत्र नाय आला तं काय झाला? मी बाजारात जाते तवा मना कोन पत्र धाडते? जाऊ आपन."

माझी सतरा वर्षांची अक्कल काकांच्या बाजूनं होती. पत्राशिवाय जाणं मला गावंढळपणाचं वाटत होतं. पण आईपुढे माझं काही चाललं नाही, आणि मुलाखतीच्या सकाळी आम्ही चौघं मुंबईला गेलो. मैत्रीण आणि काका पत्र घेऊन, आई आणि मी डबा घेऊन.

मुलाखत एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होती. मुलाखत हा शब्द त्यांनी का वापरला होता कुणास ठाऊक, कारण तिथे कुणीच कुणाला काही विचारत नव्हतं. लोकांची दाटी दारापाशी होती. दारात एक शिपाई उभा होता. मध्यमवयीन, चष्मा लावलेला, आणि ज्याचं आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत असावं असा.

"कॉल लेटर," तो म्हणाला.

मी गुणपत्रिका दाखवली, दाखले दाखवले, फळ्यावरचा नंबर सांगितला. त्यानं गुरांच्या डॉक्टरचा शिक्का बारकाईनं वाचला आणि सगळं परत माझ्या हातात दिलं. "पत्र नाही तर उमेदवार नाही."

"पत्र तुमच्याच लोकांनी पाठवलं नाही नीट," आई म्हणाली.

"बाई, पाठवणं माझ्याकडे नाही. माझ्याकडे दार आहे."

आत लाऊडस्पीकरवर नंबर पुकारले जात होते. माझा नंबर यायला फार वेळ नव्हता. एकदा पुकारला आणि माणूस हजर नसला की पुढचा नंबर, मागचा गेला तो गेला, हे काकांनीच मला चौकोन काढून समजावलेलं होतं. काकांनी आता माझ्याकडे पाहणं टाळलं आणि मुलीला म्हणाले, "चल, आपण आत जाऊ. मी साहेबाले हिच्याबद्दल सांगून पाहतो."

मैत्रीण जागची हलली नाही. ती फार बोलणारी मुलगी नव्हती. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. ती दारावर चिकटवलेली सूचना वाचत होती. मग तिनं शिपायाला विचारलं, "एका उमेदवाराबरोबर किती जणांना सोडता?"

"एक पालक. लिहिलंय ना."

"पालक कोण असावं, ते काही लिहिलंय?"

शिपायानं वळून सूचना वाचली. 'एका उमेदवारासोबत एकाच पालकास प्रवेश दिला जाईल.' त्याखाली सही होती. बाकी काही नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग ही माझी पालक," ती म्हणाली आणि माझा हात धरला.

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन वेण्या होत्या. "ही?"

"ही."

"अगं, अन् मी?" काका म्हणाले.

"बाबा, एकच पालक चालतो," ती त्यांना समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा."

शिपायानं सूचना पुन्हा एकदा वाचली. त्याच्या दाराचा नियम मोडला जात नव्हता, उलट अक्षरशः पाळला जात होता. तो बाजूला झाला. आम्ही आत गेलो, आणि सिस्टिमवर माझ्या ओळखीत सगळ्यात जास्त विश्वास असलेला माणूस माझ्या आईशेजारी पायरीवर बसला.

आत एक मोठा फळा होता. एका बाजूला कॉलेजं, वर शाखा आणि चौकोनांत शिल्लक जागा. एक उमेदवार टेबलापाशी जाऊन जागा सांगायचा, सही करायचा, आणि फळ्यापाशी उभा असलेला माणूस डस्टरनं आकडा पुसून एकानं कमी लिहायचा. ज्या कॉम्प्युटरला मामा नव्हता, त्याच्या वतीनं हे सगळं काम तो खडू करत होता.

मुंबईच्या इलेक्ट्रिकलचा चौकोन आम्ही दोघींनी लगेच शोधला. आम्ही बसलो तेव्हा तिथे थोड्या जागा होत्या. मग एक गेली. आणखी एक गेली. मध्ये बराच वेळ लोक दुसरं काही घेत राहिले आणि आम्हाला जरा बरं वाटलं. पुन्हा एक गेली. माझा नंबर जवळ आला तेव्हा तिथे एकच जागा राहिली होती.

"एकच आहे," मैत्रीण हळूच म्हणाली.

"हं."

"तुझा नंबर आधी आहे."

"हं," मी म्हणाले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. दोघी फळ्याकडे पाहत राहिलो.

माझा नंबर पुकारला. मी उठून टेबलापाशी गेले. तिथे तीन अधिकारी बसले होते. मधल्यानं हात पुढे केला. "कॉल लेटर?"

"मिळालं नाही सर."

"आम्ही पाठवलं आहे."

"हो, पण पोचलं नाही."

त्यानं रजिस्टरमधली ओळ बोटानं दाखवली. "हे बघा. पाठवलं आहे." त्याच्या मते विषय तिथे संपला होता. मग त्याच्या लक्षात आलं. "पत्र नाही, तर तुम्ही आत कशा आलात?"

"पालक म्हणून."

"कुणाच्या?"

मी मागे बोट केलं. मैत्रीण उभी राहिली. तिघं अधिकारी आळीपाळीनं आमच्याकडे पाहत राहिले. शेजारच्या बाईंनी माझी मूळ गुणपत्रिका घेतली, आसन क्रमांक यादीशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "मुलगी तीच आहे. गुण तेच आहेत. मागे रांग थांबलीये. हमीपत्र घ्या आणि पुढे चला."

हमीपत्राचा मजकूर मधल्या साहेबांनी सांगितला आणि मी लिहून घेतला. मला मुलाखतीचे पत्र वेळेत प्राप्त झाले असून ते माझ्याकडून गहाळ झाले आहे. मी विचारलं, "पण मला मिळालंच नाही ना, सर?"

"मिळालं नाही असं लिहिलंत तर तुम्हाला प्रवेश देता येणार नाही."

मी मिळाल्याचं लिहून दिलं. मग पालकांची सही हवी होती. माझी पालक बाहेर पायरीवर होती आणि शिपाई तिला आत सोडणार नव्हता, कारण तिच्याबरोबर उमेदवार नव्हता. साहेबांनी कपाळाला हात लावला. रकाना रिकामा राहणं हे त्या हॉलमधलं एकमेव पाप होतं. मैत्रीण पुढे आली. "मी करू का सही?" तिनं विचारलं. साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला. तिनं माझी पालक म्हणून सही केली आणि मी मुंबईचं इलेक्ट्रिकल घेतलं. फळ्यावरच्या माणसानं एक पुसला आणि त्या जागी छान गोल शून्य काढलं.

थोड्या वेळानं तिचा नंबर आला. ती फळ्यासमोर जराशी थांबली. मग विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजातलं सिव्हिल घेतलं, कारण त्या गावात तिचा मामा राहत होता. तिची पालक मी होते. मी सही केली. सही बरोबर चौकटीच्या आत बसली. चौकटीत बसायची तोवर मला चांगली सवय झाली होती.

बाहेर आलो तर आई आणि काका डबे उघडून बसले होते. आईनं भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती, काकांपुढे थालीपीठ होतं आणि दोघांच्या मध्ये एका माणसाला बसता येईल एवढी जागा सोडलेली होती. एवढा वेळ काकांनी आईला केंद्रित प्रवेश प्रक्रिया समजावून सांगितली होती. ती नंतर मला म्हणाली, "मानूस बरा हाय. बोलतो लय, पन बरा हाय."

काका उठले. "काय झालं? इलेक्ट्रिकल?"

"संपलं, बाबा," मैत्रीण म्हणाली. "सिव्हिल घेतलं. मामाच्या गावी."

"संपलं कसं? आपला नंबर तर त्या मानानं..." ते थांबले. "शेवटची जागा कोणी घेतली?"

ती हातातले कागद उगाच नीट करू लागली. मला ते सहन झालं नाही. "मी घेतली, काका," मी म्हणाले.

मी त्यांच्याकडून बरंच काही ऐकायची तयारी ठेवली होती. त्यांच्याच मुलीनं मला आत नेलं होतं, त्यांना बाहेर बसवून. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "नंबरानं गेली ना?"

"हो."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले. "नंबर तुझा होता." आणि थालीपीठ डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं.

आजवर मी त्या माणसाच्या सिस्टिमची पुष्कळ टिंगल केली आहे, इथेही केली. पण स्वतःच्या मुलीची जागा गेली त्या दिवशीही ज्याची श्रद्धा टिकली, असा दुसरा भक्त मला भेटलेला नाही. त्या खात्यालासुद्धा त्याची कल्पना नसावी.

सिस्टिमनं मात्र त्यांना काही परत दिलं नाही. रिकाम्या होणाऱ्या जागा पुढच्या फेरीत भरल्या जाणार होत्या आणि त्यांची सूचना गुणवत्ता यादीच्याच फळ्यावर लागणार होती. काका सुट्टीच्या दिवशी मुंबईला जायचे, फळा वाचायचे आणि परत येऊन सांगायचे, "प्रोसेस सुरू आहे." प्रोसेस सुरू राहिली आणि टर्मही सुरू झाली. मैत्रिणीची ट्रंक भरली गेली. त्याच सुमारास माझं मुलाखतीचं पत्र घरी पोचलं. पाकिटावर इतके शिक्के होते की पत्ता दिसत नव्हता. आत लिहिलं होतं, की हे पत्र सोबत आणल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही. पत्र मिळालं असं मी सरकारला आधीच लिहून दिलं होतं, ते अखेर खरं झालं याचं मला समाधान वाटलं. गहाळ झालं हे खरं करायचं तेवढं राहिलं. आईनं त्यात जवळा बांधून शेजारणीला दिला.

मी मुंबईला हॉस्टेलवर गेले. इलेक्ट्रिकलच्या वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो आणि प्रयोगशाळेत पहिलं वर्षभर मुलंच तारा जोडायची, आम्ही वहीत आकडे उतरवायचो. एवढ्या खटपटीनं मिळवलेली जागा ती हीच का, असं मला पुष्कळदा वाटायचं. दुसऱ्या वर्षी मी एका मुलाच्या हातातून तारा काढून घेतल्या आणि मग हळूहळू बरं चाललं.

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रीण कॉलनीत आली. एका संध्याकाळी आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. ती तिकडच्या उन्हाबद्दल, मामीच्या कडक शिस्तीबद्दल बोलत होती. सिव्हिलच्या सर्वेक्षणाच्या तासाला उन्हातान्हात दुर्बीण घेऊन हिंडावं लागतं आणि ते तिला चक्क आवडू लागलं होतं. मी तिला तारांचं सांगितलं.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली.

"सांग."

"त्या दिवशी दारावरची सूचना मी लगेच वाचली होती. पालकाचं मला आधीच सुचलं होतं." तिनं मुठीत वाळू घेतली आणि सोडली. "तरी मी थोडा वेळ थांबले. बाबा आत चल म्हणाले तेव्हा पण थांबले. तुझ्या लक्षात आलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "मला वाटलं तू वाचतेयस."

"वाचत नव्हते. आत पुकारलेले नंबर ऐकत होते."

"बोललीस ना शेवटी," असं काहीतरी मी म्हणाले. तिनं मान हलवली. पाणी ओसरलं होतं, काही बायका ओल्या वाळूत वाकून शिंपल्या वेचत होत्या. ती उठली, पायांतल्या चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या दिशेनं चालू लागली. काही अंतरावर गेल्यावर मागे वळून म्हणाली, "ये ना. पाय भिजवून घेऊ. तिकडे मामाकडे नदीलासुद्धा पाणी नाही."